बसला का?

रविवार, १२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल. आमच्याकडे सगळे बरे. बाबा काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि दुकानदाराशी वाद घालून ताजेतवाने होऊन परततात. आपल्या ढब्ब्या कुत्र्याला म्हातारपण आलंय, तरी माणसाच्या पायात घुटमळायची खोड गेलेली नाही.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तू म्हणशील, याचं काहीतरी काम असणार. आहेच. पण आधी गाडीचं सांगतो.

महिनाभर वळताना उजव्या चाकातून कटकट येत होती. गॅरेजवाला खाली वाकला आणि म्हणाला, "ॲक्सल गेलाय, गाडी ठेवून जा." ठेवून जा म्हटलं की मला शंका येते. एवढ्यात कसं कळलं याला? दुसऱ्या गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं, तेव्हा वाटलं दोघांचं संगनमत आहे. ही म्हणाली, "तुम्ही आरशावरही संशय घ्याल." मी म्हटलं, दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकूनच पिणार. ते दूध तू तापवलंस, असं दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

शेवटी नवा ॲक्सल आणून काल घरामागे स्वतःच कामाला लागलो. तू शिकवलंस तसं, गाडी जमिनीवर असतानाच पान्याला पाइप लावून मधला मोठा नट सैल केला. मग गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाक काढलं, चाक फिरवणारा तो दांडा, म्हणजे जुना ॲक्सल, गिअरबॉक्समधून उपसला. नव्याच्या टोकाला तारेची बारीक कडी असते. ती खाचेत गेली की टक् होतं आणि मग ॲक्सल ओढूनही निघत नाही. दोन वर्षांपूर्वी डावा ॲक्सल बदलताना तू ती कडी नीट बसवली नाहीस, हाच माझा आरोप. बाबा चढावर असताना तो सरकला, गाडीने ओढणं सोडलं, मागे घरंगळत भिंतीवर आदळली आणि बाबांचा गुडघा गेला. "दादाने घाई केली," असं मी दवाखान्यातच म्हणालो. तू गेलास तो परत आलाच नाहीस.

काल मी गाडीखाली आडवा होऊन ॲक्सल आत रेटत होतो. ही चाकाच्या बाजूला उभी. ढब्ब्या भुंकत घिरट्या घालत होता. मी विचारलं, "बसला का?"

"बसला."

हात काढला तर ॲक्सल सुळकन बाहेर.

"बसला म्हणालीस ना?"

"कुत्रा बसला. मला वाटलं, त्याचंच विचारताय."

ती हसत होती. मला गाडीखालून बाहेर येववेना.

त्या दिवशी खाली तू होतास, वर मी. मी ढब्ब्याची मान दाबून त्याला खाली बसवत होतो. तू विचारलंस, "बसला का?" मी तिकडे न बघता म्हणालो, "बसला."

हे मला काल उमगलं, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. "हा नीट बसलाच नव्हता," असं अपघातानंतर गॅरेजवाला म्हणाला त्याच क्षणी मला आठवलं होतं. तू माझं नाव घेण्याआधी मी तुझं घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दादा. तू माझा तो शब्द कुणालाच सांगितला नाहीस, तर त्याचाही मला संशय. वाटायचं, कशासाठी राखून ठेवलंय याने? मला लाज वाटते.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, "त्याला पत्र लिही. फोनवर तू शब्द फिरवशील."

नवा ॲक्सल आता टक् वाजून बसलाय. मी तीनदा ओढून बघितला. तरी चाक लावलेलं नाही, गाडी ठोकळ्यांवरच आहे. बाबांनी किल्ली काढून उशाखाली ठेवलीय. म्हणतात, थोरला येऊन स्वतःच्या हाताने ओढून बघेल, तेव्हाच देईन.

तू विचारल्यावर जो न बघता "बसला" म्हणाला, तो
तुझा धाकटा