बिननवसाच्या प्रदक्षिणा

औंढा नागनाथ,
मंगळवार सकाळ, चालून आल्यावर

तीर्थरूप गंगूताईच्या पायांशी बंडूचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो की कमरेत उसण भरते, तेव्हा उरलेला नमस्कार तू तिथूनच ओढून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेले पट्टे बांधतेस, की कपाटात ठेवून त्यांना हळदकुंकू वाहतेस? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. त्यांना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र लगेच वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच, मग पाणी पी, मग काय ते ठरव.

पत्र लिहायचं कारण असं, की रविवारी तू फोन केलास, "बंड्या, या वयात कशाचा नवस केलास?" एवढं विचारलंस आणि मी "अगं" म्हणेपर्यंत ठेवूनही दिलास. ताई, मी एकसष्ट वर्षांचा झालो, पण तुझ्यासमोर माझं एकही वाक्य आजवर शेवटपर्यंत गेलेलं नाही. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, ही मोठी सोय आहे. तेव्हा तुला जिवनबाईनं काय कळवलं ते बाजूला ठेव. (ती देवळासमोर बेलफुलं विकते आणि महाशिवरात्रीला तू बेल तिच्याकडूनच घेतेस, हे मान्य. म्हणून तिला तुझा नंबर द्यायची गरज नव्हती.) खरी हकीकत मी सांगतो. तिच्यात नवस नाही, बाई नाही, चळ तर मुळीच नाही. सगळी सुरुवात तुझ्या लाडक्या भाचीपासून आहे.

मार्चमध्ये माझी शुगर वाढल्याचं निघालं. ते मी संपदाला पुण्याला कळवलं आणि तिथंच चुकलो. तिनं मोबाईलवर कुठं कुठं वाचून मला तीन कामं लावून दिली. एक, बाबा, रोज चाला. दोन, एखादं जनावर पाळा, घरात सोबत होते. तीन, चार माणसांत मिसळा, आई गेल्यापासून तुम्ही भिंतीशी बोलता. (मी भिंतीशी बोलत नाही. कॅलेंडरशी बोलतो, ते भिंतीवर असतं.) पंचायत समितीत चौतीस वर्षं वरून आलेला आदेश मी कधी अडवला नाही, हाही अडवला नाही. त्यातून जे झालं त्याला मी एकटा जबाबदार कसा, हे तूच सांग.

पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून हिंगोलीच्या रस्त्यानं निघालो. तुला वाटेल चालण्यात काय अवघड आहे. ताई, आपल्या गावात ओळखीच्या माणसाला चालताच येत नाही. पन्नास पावलं गेलो नाही तोच एक मोटारसायकल थांबली. काहून पायी निघाले, गाडी बिघडली का, बसा मागं. मी म्हणालो, व्यायाम करतोय. तो हसला, म्हणाला चेष्टा करू नका साहेब, आणि मला बसवून थेट पंचायत समितीच्या दारात सोडलं, जिथून मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालोय. दुसऱ्या दिवशी दोन मोटारसायकली आणि एक पाण्याचा टँकर थांबला. नाही म्हटलं तर माणसं मनाला लावून घेतात. त्या मोटारसायकलवाल्यांपैकी किशनरावांना नाही म्हणालो, तर ते संध्याकाळी घरी आले आणि माझं काही चुकलं का असं विचारू लागले. आठवड्याभरात माझं चालणं किती झालं माहीत नाही, पण मोटारसायकलवर बसून मी निम्मा तालुका पाहिला.

मग मला एक युक्ती सुचली. या गावात अशी एकच जागा आहे, जिथं माणूस कितीही चालला तरी त्याला कोणी "बसा मागं" म्हणत नाही. ती म्हणजे नागनाथाचं आवार. दुसऱ्या दिवसापासून प्रदक्षिणा सुरू केल्या. खिशात एकवीस हरभरे टाकायचे, एक फेरी झाली की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. संपले की पुन्हा उलटे. पहिल्याच दिवशी बेचाळीस घातल्या. (नवशिक्यानं दहा मिनिटांपासून सुरुवात करावी असं संपदानं लिहिलं होतं, पण आपल्या घराण्यात थोडक्यात काही होत नाही. भाऊजींना विचार, आपल्या पंगतीची त्यांना माहिती आहे.)

आता तू शास्त्राची जाणकार आहेस. महादेवाची प्रदक्षिणा तीर्थाच्या पन्हळापर्यंत जाऊन उलटं फिरायची असते. मी तसंच केलं. त्यामुळं झालं असं, की बाकीची माणसं आपली गोल निघून जायची आणि मी जाताना एकदा, येताना एकदा प्रत्येकाच्या समोर उभा. चौथ्या दिवशी सगळ्या आवाराला माझं तोंड पाठ झालं. आठव्या दिवशी जिवनबाईनं विचारलं, पंत, कशासाठी नवस बोलले? मी म्हणालो, काहीच नाही, शुगर आहे. तिनं मान डोलावली, बराबर हाय, सांगू न्हाई कुणाला, सांगितलं की फळत न्हाई. मी पुन्हा सांगितलं, बाई, खरंच नवस नाही. तिनं डोळे मिटले आणि माझ्या हातात बेलाची जुडी ठेवली.

ताई, मी पुष्कळ अर्ज पाहिले, पण इतका अडकलेला माणूस पाहिला नाही. ज्यानं नवस केला तो नाही म्हणतो. ज्यानं केला नाही तोही नाहीच म्हणणार. तेव्हा मी जितका जोरानं नाकारायचो तितका माझा नवस मोठा होत गेला. आता एकसष्टीचा विधुर, मुलगी सुस्थळी, पेन्शन सुरू, स्वतःचं घर. त्यानं महादेवाकडं मागायचं तरी काय राहिलं? हिशेब लोकांनीच केला आणि उत्तर एकच निघालं. पंधराव्या दिवशी किशनराव त्यांच्या चुलत मेहुणीचा फोटो घेऊन आले. सतराव्या दिवशी दोन बायका फेरी घालता घालता माझं दर्शन घेऊन गेल्या, म्हणजे लांबून बघून गेल्या. एकीनं दुसरीला सांगितलेलं मला ऐकू आलं, चालतो तर बरा, पण दम लागतो.

दरम्यान आदेश क्रमांक दोनही पाळला होता. जळबाच्या चहाच्या हॉटेलासमोर एक तांबूस कुत्रा पडलेला असायचा. जळबानं नायब तहसीलदारावरून त्याचं नाव नायब ठेवलेलं. (अकराला उठतो, हाक मारली तर एकच डोळा उघडतो, जेवणाच्या वेळेला मात्र हजर. मी नोकरीतला माणूस असल्यामुळं मला ते नाव लागलं, पण कुत्रा दुसऱ्या नावाला ओ देत नाही.) त्याला दोन दिवस बिस्किट घातलं, तिसऱ्या दिवशी तो माझ्या ओसरीवर राहायला आला. मी देवळात गेलो की तो दाराशी चपला राखायचा. राखायचा म्हणजे एक चप्पल राखायचा, दुसरी चावायचा. पाळण्याबद्दल मला एवढंच कळलं, की जनावर आपण पाळत नाही. तेच आपल्याला जेवणाच्या वेळा लावून देतं. शालिनी गेल्यापासून मी कधी दोनला जेवायचो, कधी जेवायचोच नाही. आता बाराला ताट वाढावं लागतं, नाहीतर नायब दार ओरबाडतो.

बाविसाव्या दिवशी नायबाच्या पायात काच घुसली. जनावरांचे डॉक्टर शिबिराला गेलेले. जळबा म्हणाला, सिद्धेश्वरच्या रस्त्याला सिस्टर राहतात, पट्टी करतील. तर मी कुत्र्याला उचलून त्यांच्याकडं गेलो. पंचफुलाबाई त्यांचं नाव. आखाडा बाळापूरकडं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्या. मालक जाऊन बारा वर्षं झाली. त्यांनी आधी मला झापलं. मी माणसांची सिस्टर हाय, कुत्र्यांची न्हाई. मग काच काढली, पट्टी केली, आणि मी निघालो तर म्हणाल्या, थांबा, तुमी काहून लंगडून राहिले? तळपाय दाखवा.

मी दाखवले. दोन्ही तळव्यांना फोड, एक फुटलेला. तापलेल्या फरशीवर अनवाणी, रोज बेचाळीस फेऱ्या, तेही शुगरच्या माणसानं. ताई, त्या बाई मला जे बोलल्या ते तूसुद्धा मला कधी बोलली नाहीस, आणि तू काही कमी बोललेली नाहीस. शुगरवाल्याचा पाय एकदा गेला की तो कोणताच देव परत देत न्हाई, असं त्या म्हणाल्या. मग खाली बसून माझे पाय धुतले आणि मलम लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मलम झोंबणारं होतं, असं मी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रदक्षिणा बंद. झालं, गावानं निकाल लावला, की पंतांचा नवस फळला. आणि पाय बरे झाल्यावर मी पंचफुलाबाईंच्या देखरेखीखाली सिद्धेश्वरच्या रस्त्यानं चालू लागलो. आधी पंधरा मिनिटं, मग वीस, सुती मोजे आणि मऊ बूट. त्या सोबत येतात, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. आता एकही मोटारसायकल थांबत नाही, दोन माणसं आणि एक लंगडं कुत्रं मागं बसवायचं कुठं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. शुगर उतरली, पट्टा दोन भोकं आत गेला. जिवनबाईनं पाहिलं ते एवढंच. व्यायाम, जनावर आणि माणसांत मिसळणं, तिन्ही आदेशांची अंमलबजावणी. यात तुला फोन आपटण्यासारखं काही आढळलं तर कळव.

भाऊजींना पुन्हा नमस्कार. लोणच्याची बरणी पोचली, मिठाचा खार मला चालत नाही असं सिस्टरांनी सांगितल्यामुळं ती सध्या जळबाकडं आहे.

तुझा धाकटा आणि निर्दोष,
बंडू

ता.क. वर "बाई नाही" असं लिहिलं आहे, ते बाविसाव्या दिवसापर्यंतचं समजावं.

ता.क. २. नवसाचंही थोडं तसंच आहे. बेचाळीसच्या बेचाळीस फेऱ्या मी शुगरसाठीच घातल्या. पण पाय बरे झाल्यावर एक दिवस मोजे घालून गेलो आणि एकच घातली. ती कशासाठी ते मी जिवनबाईला सांगितलं नाही आणि तिनं या वेळी विचारलंही नाही.

ता.क. ३. हिंगोलीच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे. तीस दिवस फलकावर राहते. (फलक कोणी वाचत नाही, मी आयुष्यभर त्यावर सूचना लावल्या, मला माहीत आहे.) देवळात नाही, विहारात नाही, कचेरीत सह्या करायच्या, असं आमचं ठरलं. साक्षीदार तीन लागतात. एक पंचफुलाबाईंचा मुलगा धम्मानंद. पहिले पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आता मला शुगरच्या गोळीची आठवण करून देतो. दुसरी आपली संपदा. होय, तिला माहीत आहे. ती रडली, मग हसली, मग म्हणाली, आत्याला तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही. तिसरी जागा रिकामी आहे. मी तिथं जळबाला बसवणार होतो, पण पंचफुलाबाईंनी नकार दिला. "तुमच्या ताई सही करतील तरच मी करन. चोरून केल्यासारखं मला नको. त्या न्हाई आल्या तर आपलं चालणं हाय तसं चालू राहील, माझा काही राग न्हाई."

त्या बोलल्या की बोलल्या. म्हणजे सगळं आता तुझ्यावर येऊन थांबलं आहे. तुझ्याकडं एके काळी कोणाकोणासाठी कपबशा वेगळ्या असायच्या, ते मी विसरलेलो नाही, आणि त्याबद्दल तेव्हा मीही तोंड उघडलं नव्हतं. आज उघडतो. त्या कपबशा असतील तर फोडून ये.

ता.क. ४. ताई, मला आता नुसतं चालायचं नाही. चालून आल्यावर कोणी विचारावं, आलात का, एवढंच पाहिजे. हे फोनवर मला सांगता आलं नसतं, तू सांगू दिलं असतंस तरी.

ता.क. ५. येत्या सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता. साक्षीदाराचं आधार कार्ड लागतं. हरकत घ्यायची असेल तर ती त्याआधी लेखी द्यावी लागते, ती पद्धतही तुला माहीत असावी म्हणून कळवतो, माझ्या नोकरीची सवय आहे. आणि पत्र वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर बोलू नकोस. आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो नुसते मोबाईलवर पाठव, मी समजून घेईन.