बराकपूरला पोचवून आले

बाई,

आज मी माझ्याच संशोधनातल्या एका मुलीला दिलेला शब्द मोडला, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण जाब द्यावा असं दुसरं कोणी उरलेलं नाही.

कोलकात्यात मी कॉलेजच्या मुलांच्या दारूवर आणि जुगारावर संशोधन करते. जुगार आता फोनवर असतो. वर्गात बसल्या बसल्या मुलं पुढच्या चेंडूवर पैसे लावतात. प्रत्येकाला मी मुलाखतीआधी सांगते, इथलं खोलीबाहेर जाणार नाही. जिवाला धोका असेल तर अपवाद, असं संमतीपत्राच्या तळाशी छापलेलं असतं. ते मी वाचून दाखवत नाही. दाखवलं की मुलं बोलत नाहीत. तुमच्या हाताखाली संशोधन शिकत होते तेव्हाचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही पोळ्या लाटताय, आणि मुलाखतीत रडू लागलेल्या एका बाईला धीर देऊन आल्याचं मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय. तुमचं लाटणं थांबतं. "तुला ऐकायला पाठवलं होतं. तिचा संसार सावरायला नाही." त्यानंतर मी कोणाच्या आयुष्यात हात घातला नाही.

आजची मुलगी मराठी निघाली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर बराकपूरला. ती रोज कॉलेजसाठी लोकलनं सियालदहला येते. "मराठीत बोलू? बाहेर तुमच्या त्या दोघी बसल्यात, त्यांना कळायला नको." माझ्या दोघी सहायक बंगाली आहेत. थोड्याच वेळात मी मॅडमची मावशी झाले. पाण्याच्या बाटलीत व्होडका आहे, हे तिनं हसत सांगितलं. "तुमच्या वेळी काय होतं मावशी, पत्ते? किती बोअर!" मीही हसले. मग त्याच हसऱ्या तोंडानं ती म्हणाली, "रविवारची मॅच शेवटची. हरले तर मी पण संपणार. ठरलंय माझं." त्या इमारतीत हे कळणारी मी एकटीच होते. मी रेकॉर्डर बंद केला.

"चल, तुझ्या आईकडे जाऊ."

"बाहेर जाणार नाही म्हणालात ना!"

"म्हणाले होते."

"खोटारड्या आहात तुम्ही."

"आहे. सॅक उचल."

बराकपूरपर्यंत गाडीत मी तिचं मनगट सोडलं नाही. क्वार्टरच्या दारात आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, ती अशीच बोलते, गमतीत. आत या, चहा घ्या." रविवारी हिला एकटं ठेवू नका, असं मी म्हटलं, तर आईचा चेहरा पडला. "रविवारी? आम्हाला दोघांना लग्नाला जायचंय हो. ती घरीच असेल, अभ्यास करत." "जायचं नाही," मी म्हटलं. ती हो म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं. मुलगी आमच्या दोघींकडे बघून पुन्हा हसली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून नोंद करून ठेवते. हवाली केलं ते असं: मुलगी आणि तिचा फोन, आईकडे. बाटली, रिकामी करून. उद्या सकाळी ज्यांच्याकडे न्यायचं त्या मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता, तोही आईकडे. माझा नंबर लिहिलेला कागद, मुलीच्या हातात. तिनं तो मुठीत धरला की खाली टाकला, हे वळून बघायचा धीर मला झाला नाही.