तीन हाका

समीक्षा बेटा,

पाठवाचं नाही, नुसतं लिवाचं, असं यवतमाळची डॉक्टरीण म्हणाली, म्हणून मी, तुही काकू, लिवतो. ती म्हणते, हे भेव म्हणजे रोगच हाये अन् तो बरा होते. डोळे मिटून तो दिवस पुरा सांगाचा, अन् रोज वावराकडे दोन पावलं जास्त चालाचं. मी धुऱ्यापाशी, वावराच्या बांधापाशी, जातो अन् तिथूनच मांगं फिरतो.

सगळं सांगतो मी तिले. कापसानं भरलेली ओटी, हाललेली तूर, वाघानं तुह्या आईले नेलं ते. एकच गोष्ट गिळतो.

वाघाच्या भेवानं आपल्या बाया कापूस येचताना घडीघडी एकमेकीले आवाज देतात. त्या दिवशी सकाळी चहावरून आमचं भांडण झालतं. तुह्या आईनं मले तीनदा हाक मारली. मी आयकली, अन् रागानं ओ देल्ली नाही. मले पाहाले ती आपली ओळ सोडून तुरीतून आली.

आता घरात कोनी कोनालेही हाक मारली, तरी मीच 'ओ' म्हणून ओरडतो.

दर फोनले तू म्हणतं, "काकू, तू संग होती, म्हणून आई एकटी नव्हती."

अन् मी लगेच 'हाव' म्हणतो.

तुही,
जिजाकाकू