गाडी माझ्या नावावर, खबर तुमच्या फोनवर

प्रिय साडूभाऊंना,

सप्रेम नमस्कार. रीतीप्रमाणे आधी इकडची खुशाली कळवायची आणि मग तिकडची विचारायची. पण इकडची खुशाली तुम्हाला माझ्याही आधी कळते हे मला गेल्या आठवड्यात समजलं, त्यामुळे तो भाग आटोपता घेतो. मी सकाळी कधी निघालो, कुठल्या रस्त्याने गेलो, वाटेत कुठे रेंगाळलो, मागच्या डाव्या चाकात हवा किती आहे, आणि दुपारी कार्यालयाच्या आवारात झाडाखाली गाडी लावून, काचा वर करून, एसी लावून मी किती वेळ फायली वाचत होतो (डोळे मिटून वाचायची माझी पद्धत आहे), हे सगळं तुमच्या फोनवर असतंच. तेव्हा फोनवर दिसत नाही तेवढंच लिहितो. माझा गुडघा बरा आहे. तुमच्या मेहुणीचा माझ्यावरचा राग नेहमीइतकाच आहे. ताईंची तब्येत कशी आहे? तुमचा खोकला कमी झाला का? दिवसभर गल्ल्यावर पंख्याच्या थेट खाली बसता, त्याने छाती भरते असं मी मागेही म्हणालो होतो. तुम्ही ऐकत नाही, पण मी सांगायचं सोडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझी नोकरी काय आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, पण ती जायची वेळ आली आहे म्हणून सांगतो. या शहरातली उपाहारगृहं, बेकऱ्या, खानावळी यांच्या भटारखान्यांत न सांगता शिरायचं आणि झाकणं उचलून आत बघायचं, हे माझं काम. यातला 'न सांगता' हा भाग महत्त्वाचा. पंधरा-वीस वर्षं मी कुणाला न सांगता शिरलो आणि दर महिन्याला काही ना काही सापडलं. कुठे पिठात मुंग्या, कुठे आचाऱ्याच्या डोक्यावरची टोपी खुंटीवर, कुठे भांडी पुसायच्या फडक्याचा मूळ रंग कोणता यावर नोकरांतच दुमत. पण तुमची गाडी मी विकत घेतल्यापासून, म्हणजे सात-आठ महिने, मला साधा केस सापडलेला नाही. मोठ्या साहेबांनी या महिन्याच्या सुरुवातीला मला बोलावलं, बसायला सांगितलं (तिथेच मला संशय आला) आणि माझं अभिनंदन केलं. शहर इतकं स्वच्छ झालं आहे की आता निरीक्षकाची गरजच उरलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरपर्यंत एक तरी दोष दाखवणारा, मालकाच्या सहीचा अहवाल आला नाही, तर माझी बदली कुत्र्यांच्या परवाना विभागात. साडूभाऊ, कुत्रं आणि मी यांचे संबंध तुम्ही पाहिलेले आहेत. तुमच्या घरच्या त्या मांजराएवढ्या पांढऱ्या कुत्र्यामुळे मी एकदा अख्खं जेवण खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून केलं होतं.

खरं सांगायचं तर ही स्वच्छता माझ्या धाकाने आली, असंच मी इतके महिने समजत होतो. समजणार नाही तर काय? मी गाडीतून उतरायचो आणि बेकरीची फरशी अशी चकचकीत, की तिच्यात मला माझ्या नाकपुड्या दिसाव्यात. आचारी रांगेत उभे, नखं कापलेली, टोप्या कानापर्यंत ओढलेल्या. एका ठिकाणी तर मला हात पुसायला कोरा टॉवेल आणि बिनसाखरेचा चहा तयार होता, आणि मी साखर सोडल्याचं घरातही नीटसं कुणाला माहीत नव्हतं. मी कार्यालयातल्या नव्या मंडळींना जमवून नजरेचा दरारा कसा कमवावा यावर तासभर बोललो. (टाळ्या वाजल्या. दोन जण जांभया देत होते, पण त्यांची नावं मी लिहून ठेवलेली नाहीत.) घरी येऊन हेच तुमच्या मेहुणीला सांगितलं, तर ती म्हणाली की तीच नजर एकदा आपल्या न्हाणीघरावरही टाकून बघा. असो.

साहेबांनी ते कुत्र्यांचं सांगितलं त्या संध्याकाळी मी थेट घरी गेलो नाही. नदीकाठी गाडी लावली आणि नुसता बसून राहिलो. माझ्यासारखा माणूस असा कधी बसत नाही, पण त्या दिवशी बसलो. घरी कुणाला बोललो नाही, कारण आधी स्वतःशी बोलून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा तुमच्या मेहुणीला फोन: काल तुझे हे इतका वेळ नदीकाठी का बसले होते, सगळं ठीक आहे ना? आमच्या घरात त्यावर जी उलटतपासणी झाली तिच्यातून तुम्ही वकील लावून मला सोडवायला हवं होतं. पण मला कोड्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. नदीकाठी माझ्याखेरीज एक म्हातारा आणि त्याचा गळ एवढेच होते, आणि म्हाताऱ्याची ताईंशी ओळख असणं शक्य नाही.

पुढचा धागा मिळाला आमच्या मेकॅनिककडून. गाडीचे ब्रेक करकर करत होते म्हणून मी ती त्याच्याकडे सोडली आणि घरी जाऊन झोपलो. संध्याकाळी घ्यायला गेलो तर तो माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघायला लागला. म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीत बसवलंय तरी काय? मी चक्कर मारायला नेली, तर जिथे थांबीन तिथे लोक बादल्या घेऊन धावत होते." बाजारातून हळू नेली तर दोन्ही बाजूंना फरश्या पुसल्या जात होत्या. एका खानावळीसमोर तो नुसता पान खायला थांबला, तर मालकाने बाहेर येऊन त्याला डोकावून पाहिलं आणि 'आज साहेब नाहीत होय' असं म्हणून हुश्श केलं. माझा धाक इतका मोठा, की तो माझ्याशिवायही गाडीत बसून फिरतो, असं समजून मी क्षणभर सुखावलोसुद्धा. पण तुम्ही मला कितीही कमी लेखलंत तरी मी निरीक्षक आहे. गाडी घेऊन सरळ कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे गेलो.

बेकरीवाला भोळा माणूस. त्याने काहीच लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. आनंदाने सांगायला लागला की खात्याने ही नवी सोय फार उत्तम केली आहे. पूर्वी साहेब अचानक यायचे आणि तारांबळ उडायची. आता उपाहारगृह चालकांच्या संघाच्या अध्यक्षांकडून फोनवर 'पाहुणे निघाले' असा निरोप येतो, कुठल्या रस्त्याला लागले तेही येतं, आणि सगळं निवांत आवरून होतं. अध्यक्ष कोण, हे त्याला विचारायची गरज नव्हती. तुम्ही अध्यक्ष झालात तेव्हा हार मीच घातला होता.

मग मी गाडीत बसून स्टिअरिंगशेजारच्या त्या काचेच्या पडद्याकडे नीट पाहिलं. किल्ली फिरवली की तो रोज तुमचं नाव घेऊन तुमचं स्वागत करतो. इतके महिने मला वाटायचं, जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव असतं, तसंच हे. माझी चूक झाली हे कबूल, पण ती कुणाही सरळ माणसाची झाली असती. तुम्ही मला किल्ल्या दिल्यात, कागद दिलेत, सीटवरची आवरणंसुद्धा दिलीत (धुवून दिली असती तर बरं झालं असतं). फक्त फोनमधली गाडी तेवढी स्वतःकडे ठेवलीत.

शोरूमला गेलो. काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. तिने सांगितलं की नाव बदलायला गाडीच्या मालकाची परवानगी लागते. मी म्हटलं, मालक मीच. ती म्हणाली, तुम्ही कागदावरचे मालक आहात. म्हणजे कर्ज माझं, विमा माझा, दारावरचा ओरखडा माझा, आणि गाडी शब्द ऐकणार तुमचा! तिने तुमच्या फोनवर परवानगी मागितली, आणि तुम्ही पापणी लवायच्या आत 'नाही' दाबलंत. (हिशोबाच्या वेळी तुम्हाला चष्मा सापडत नाही, हे आठवून मला कौतुक वाटलं.) तिच्याकडूनच असंही कळलं की माझा प्रत्येक फेरफटका कंपनीकडे जमा होतो, विमावाल्यांकडेही जातो, आणि हे सगळं तुम्ही कधीकाळी न वाचता 'मान्य आहे' दाबलंत त्या जोरावर. मी ब्रेक फार जोरात मारतो असं सांगायला विमा कंपनीची बाई मला का फोन करायची, तेही त्यामुळे उलगडलं. माझा अख्खा दिवस तुमच्या एका बोटावर चालला होता.

तेव्हा मी स्वतःच उपाय केला. गाडीच्या छपरावर जी छोटी शेपटी असते तिच्यावर तुमच्या मेहुणीचा पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चांगला पाच-सहा पदरी बांधला, खाली पडद्यावरही बांधला, आणि ऐटीत निघालो. तुमच्या फोनवर गाडी नाहीशी झाली. परिणाम तुम्हाला ठाऊकच आहे: मी नेमका कुठे आहे हे कुणालाच कळेना, म्हणून भीतीने अख्ख्या शहराने एकाच दिवशी सगळं घासून काढलं. ज्या गल्लीत मी आयुष्यात गेलेलो नाही तिथल्या खानावळीने भिंतींना रंग दिला. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी पुन्हा अभिनंदन केलं आणि कुत्र्यांच्या विभागातलं माझं टेबल खिडकीजवळ ठेवू का म्हणून विचारलं.

पण तुम्हालाही एक गोष्ट सांगायला हवी. गाडी तुमच्याशी जेवढी बोलते तेवढीच ती माझ्याशीही बोलते. माझ्या फोनमधली नावं तिने तुमच्याकडे पोचवली हे मला माहीत आहे. तुमचा नंबर मी 'साडू, उचलू नये' या नावाने ठेवला आहे हे तुम्ही वाचलं असणार, आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही. मात्र तुमची 'नेहमीची ठिकाणं' अजून त्या पडद्यावर आहेत. घर आहे, तुमची खानावळ आहे, आणि तिसरं आहे स्टेशनजवळचं ते दुसऱ्याचं उपाहारगृह, रोज जेवणाच्या वेळी. मी सभ्य माणूस आहे, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत डोकावत नाही, म्हणून एकदाच पाहिलं. (दोनदा.) स्वतःची खानावळ असलेला माणूस रोज दुसरीकडे का जेवतो, यावर मी काहीच बोलणार नाही.

गंमत पुरे. मला खरा राग भटारखान्यांचा आला नाही, तो नदीकाठाचा आला. माणसाला कधीतरी कुणाला न सांगता कुठेतरी जाऊन बसता आलं पाहिजे, मग तो तिथे रडो, हसो की गळ टाकून बसो. घरच्यांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. ते माझ्याआधी तुमच्या फोनने सांगून टाकलं. ताईंना म्हणे तुम्ही मोठ्या अभिमानाने तो नकाशा दाखवलात आणि त्यांना तो बिलकूल आवडला नाही. मी त्यांना सगळी हकिगत कळवली आहे, फोन न करता, घरी जाऊन, पायी. तेव्हा साडूभाऊ, नात्याला स्मरून गाडीवरून आपलं नाव काढा आणि परवानगी विचारली की 'हो' दाबा, एवढंच मागणं. लहानांना आशीर्वाद, ताईंना नमस्कार, कुत्र्याला काहीही नाही.

तुमचाच,
साडू

ता. क. – नाव काढा असं वर लिहिलं आहे, पण आज नको. आजचा दिवस गाडी तुमच्या फोनवर दिसलेली बरी. आत्ता ती पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीकडे चालली असेल. तिथल्या मंडळींना 'पाहुणे निघाले' कळवायचं राहिलं असेल तर कळवून टाका, बिचारे खोळंबतील.

ता. क. दुसरा – गाडी मेकॅनिक चालवतो आहे. ब्रेक बघायला त्याला लांबची चक्कर हवीच होती. हे पत्र पोस्टाने न धाडता तुमच्या मेहुणीच्या हाती दिलं आहे, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उठायचं नाही असं तिने तुम्हाला बजावलं असणार. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, तुमचंही चालणार नाही. भटारखान्यात वाजणारी ती गल्ल्याजवळची घंटा दिसत नसेल, तर ती तिच्या पर्सखाली आहे. एरवी माझे अहवाल चार ओळींत संपतात. पण तुमच्या चुलीच्या मागे, फ्रिजच्या खाली आणि मोठ्या पातेल्यांच्या बुडाशी नीट बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढं लांब पत्र लिहिणं भाग होतं. मागचं दार ताईंनी उघडलं असेल. भटारखाना एकदा घासून घ्या असं त्या कधीपासून तुम्हाला सांगत होत्या म्हणे.

ता. क. तिसरा – आता खरी विनंती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला. अहवालावर मालकाची सही लागते. पेन माझ्याकडे आहे. गाडी कुठवर पोचली ते फोनवर शोधत बसू नका, मागे वळून बघा.