मिरीएवढी सूज आणि तुझी लेक

तीर्थरूप ताईस धाकट्या भावाचा आदरपूर्वक नमस्कार.

तुझी प्रकृती ठणठणीत असल्याचे काल खात्रीलायकरीत्या समजले (कसे, ते शेवटी येईल). माझ्या पंधरा दिवसांच्या तापाचे मूळ अखेर सापडले आणि ते तुझ्या लेकीने शोधले, हे कळवताना मामा म्हणून ऊर भरून येतो.

त्याचे असे झाले. दवाखान्यातील अर्जात 'मुख्य तक्रार' असा एकच रकाना होता. एका रकान्यात दोन मजकूर कोंबणे एक्केचाळीस वर्षांच्या मुद्रितशोधनात मी कोणाला करू दिले नाही. स्वतः कसे करावे? मी 'ताप' असे सुवाच्य लिहिले आणि दाढेचा ठणका मनातच ठेवला. परिणामी रक्त, लघवी, छाती यांची कसून तपासणी झाली (प्रकृती निर्दोष ठरली, अहवालांचे टंकलेखन नव्हे). डॉक्टर बुचकळ्यात पडले. अशात तुझी दंतवैद्य लेक सहज भेटायला आली. मी बिस्कीट डाव्याच बाजूने चावतो, हे तिने पाहिले आणि माझ्या उजव्या जबड्यावर एक बोट टेकवले. मी ताडकन उठलो, हे सांगणे न लगे.

"मामा, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यासाठी रकाना नव्हता."

"शरीर काय रकाने बघून आजारी पडतं?"

या वाक्यात मला एकही दुरुस्ती सुचली नाही.

क्ष-किरण चित्रात दाढेच्या मुळाशी मिरीएवढा डाग निघाला. तिने समजावले की सूज ही शत्रू नव्हे. जंतू शिरले तिथेच त्यांना कोंडून धरणारा तो पहारा आहे, आणि लाली, ऊब, ठणका ही त्या पहाऱ्याचीच धावपळ. मात्र मूळ काढले नाही, तर पहारा थकतो, जंतू रक्तात उतरतात, आणि माझ्या हृदयाच्या जुन्या झडपेला ते परवडणारे नाही. एवढ्याशा जागेवर देहाने इतका चोख बंदोबस्त ठेवावा आणि या मुलीने तो एका बोटाने ओळखावा, या दोहोंविषयी मला सारखाच आदर वाटतो. दाढ काढण्यास मी तत्काळ संमती दिली.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. दाढ अद्याप जागेवरच आहे. काल खुर्चीत बसल्यावर, ताईला अचानक बरे नाहीसे झाले आहे, असे सांगून मी उठलो. समोरची दंतवैद्य तुझीच लेक आहे, हे त्या क्षणी ध्यानात राहिले नाही. तिने माझ्यासमोरच तुला फोन लावून "आई, बरी आहेस ना?" एवढेच विचारले आणि कारण सांगितले नाही, हा तिचा मोठेपणा.

ता. क. २. नवी वेळ मंगळवारी सकाळी दहाची आहे. तू हात धरावास, असे मी लिहिणार नाही. मात्र त्या खुर्चीशेजारी एक स्टूल आहे आणि ते रिकामे असते.