अठरा मुद्दे आणि एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड

१४ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. (लहानपणी तुला पत्रात तीर्थस्वरूप लिहायला लावायचे तेव्हा मला हसू यायचं. आज मनापासून लिहिते आहे. का, ते पुढे कळेलच.) तीन आठवडे गप्प राहिले, तुझे चार फोन उचलले नाहीत आणि पाचव्याला लेकीकडून "आई अंघोळीला गेलीय" असं वदवलं, याबद्दल क्षमा कर. मी खरंच अंघोळीला गेले होते, फक्त फोन वाजल्यानंतर गेले. तुझी कंबर कशी आहे? व्यायाम करतोस, की नुसती चटई पसरून तिच्याकडे बघत बसतोस? रविवारी तू येणार, आणि घर बदलताना माझ्याकडे ठेवलेली दोन खोकी परत नेणार, हे वहिनीकडून कळलं. त्याआधी हे पत्र तुला मिळावं म्हणून आज बसलेच. (डायरीच्याच पानांवर लिहिते आहे. शेवटी सवयीने उद्याचं काम लिहिलं गेलं, तर दुर्लक्ष कर.)

तर तुझ्या भाचीचं कार्ड घेऊन झालं. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प येत्या मंगळवारी द्यायचा आहे: एका बसस्थानकाची इमारत, आणि तिच्यातून आपण चालत जातोय अशी चित्रफीत. आमच्या संगणकावर एकेक चित्र तयार व्हायला नऊ तास लागत होते, म्हणजे ते बसस्थानक खरं बांधून आधी झालं असतं. नवीन कार्ड परवडणारं नव्हतं. वापरलेलं घ्यायचं, तर काय काय बघायचं म्हणून तुला विचारलं, आणि तू अठरा मुद्द्यांची यादी पाठवलीस. मी गेली एकवीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांना लेबलं लावते आहे. यादी म्हटली की मला धीर येतो. यादीच्या दोन प्रती काढल्या, विजेरी आणि भिंग घेतलं (भिंग प्रयोगशाळेचं होतं, पण नोंदवहीत सही करून घेतलं) आणि लेकीला बरोबर घेऊन फुंकरकाकांकडे गेले.

फुंकरकाका म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला जिन्याखाली बसणारे दुरुस्तीवाले. कुठलीही वस्तू समोर आली की ते आधी तिच्यात जोरात फुंकर मारतात, आणि निम्म्या वस्तू तेवढ्यावर सुरू होतात, म्हणून हे नाव. त्यांनी एका जुन्या टॉवेलातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "ताई, एका घरातलं आहे. जपून वापरलेलं." तुझा पहिलाच मुद्दा होता की विकणारा असं म्हणाला तर एक अक्षरही खरं मानू नकोस. मी मानलं नाही. (आता त्या माणसाची मनातल्या मनात रोज माफी मागते.)

मग मी सुरू केलं. स्क्रूंच्या खाचा झिजल्या आहेत का, म्हणजे कोणी उघडून बघितलंय का. गंज आहे का. जोडणीच्या सोनेरी पट्टीवर ओरखडे आहेत का. कडांतून तेलकट काही पाझरलंय का. पाठीमागे सर्किटची पाटी तापून तपकिरी झाली आहे का. करपट वास येतो का, हे बघायला नाक लावलं, तर नुसता डांबराच्या गोळ्यांचा वास. मला तो फार ओळखीचा वाटला, पण कपाटात तर सगळेच ठेवतात, असं म्हणून पुढे गेले. आभासी नाणी मिळवायला हे वर्षभर अहोरात्र राबवलं होतं का, असं विचारल्यावर काका दुखावले. म्हणाले, "ताई, तुम्ही रक्त काढता तेव्हा माणसाला इतकं विचारता का?" लेक म्हणाली, "आई, तू कार्ड घेतेयस की स्थळ बघतेयस?" मला वाटलं, खरंच, मी सावध आहे की नुसती संशयी? सावधपणा कुठे संपतो? यावर त्या दिवशी डायरीत दोन पानं आहेत, उत्तर नाही.

मग कार्ड जोडून अर्धा तास पळवून बघायचं होतं (मुद्दा तेरा). तापमान पंचाहत्तरच्या वर जाईना, पडद्यावर रंगीत ठिपके येईनात, पण डावा पंखा फिरेना. काकांनी फुंकर मारली. फिरेना. पुन्हा मारली, त्यांनाच चक्कर आली. तेव्हा मी संगणक बंद करायला लावला, पंखा बोटाने हलकेच उलटा ढकलला, पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि पंखा गरगर फिरायला लागला. काका बघतच राहिले. लेक तेव्हापासून मैत्रिणींना सांगते आहे की आईला हार्डवेअर कळतं. ते मला कसं सुचलं हे मागाहून सांगते. किंमतही लिहीत नाही, तुला दुप्पट वाईट वाटेल. कार्ड आता आमच्या संगणकात आहे, एकेक चित्र चार मिनिटांत होतं, आणि लेक दोन वर्षांत पहिल्यांदा जेवताना गुणगुणते. अठरावा मुद्दा, म्हणजे मूळ बिल, तेवढा राहिला.

वहिनीला नमस्कार. कंबर सांभाळ, रविवारी जड काही उचलू नकोस. उचलण्यासारखं फारसं नाहीही.

तुझी,
धाकटी

ता. क. १: बिल सापडलं. म्हणजे ते कुठे आहे हे मला कळलं. ते तुझ्या निळ्या फायलीत आहे.

ता. क. २: कार्डाच्या पाठीवर एक लेबल होतं. भिंगातून वाचलं: "डावा पंखा अधूनमधून अडतो. बंद करून बोटाने उलटा ढकलावा." शेवटी तुझी ती बारीक सही. दादा, गेल्या पावसाळ्यात प्रयोगशाळेत जुनी विजेची उपकरणं गोळा करण्याचा दिवस होता. प्रत्येकाने काहीतरी आणायचं होतं. माझ्याकडे टाकण्यासारखं काहीच नव्हतं आणि रिकाम्या हाताने जाणं मला प्रामाणिक वाटेना. कपाटातल्या तुझ्या एका खोक्यावर "नाजूक, उघडू नये" लिहिलं होतं. मी उघडलं नाही, तसंच दिलं. गोळा झालेलं पुढे दुरुस्तीवाल्यांकडे जातं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला प्रमाणपत्र मिळालं. त्याचा फोटो तुला पाठवला होता आणि तू "शाबास" म्हणाला होतास.

ता. क. ३: आता खरी विनंती. रविवारी ये, रागव, जेव, पण कार्ड मंगळवारपर्यंत राहू दे. बुधवारी मी स्वतः आणून देईन, पुसून. लेबल काढणार नाही. आणि लेकीसमोर, जमलं तर, मला हार्डवेअर कळतं असंच राहू दे.

ता. क. ४: प्रमाणपत्र आज भिंतीवरून काढताना नीट वाचलं. त्यावर "दोन वस्तू" असं लिहिलं आहे.

उद्या: टॉवेलात अजून काय होतं, ते फुंकरकाकांना विचारणे.