नववं पदक

२ सप्टेंबर १९९६
शाखेची सभा. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या आमच्या संघटनेची मोंतेव्हिडेओ शाखा यंदा पदकं देणार. पंचवीस वर्षांहून जास्त बिनपगारी राबलेल्यांना. यादी करायचं काम अर्थात माझ्याकडे. एकतीस वर्षं सेक्रेटरी मीच आहे. मला स्वतःला मानाची हाव नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

५ सप्टेंबर
यादी तयार. आठ नावं. तीनदा तपासली. माझं नाव घातलं नाही. आपल्याच हाताने आपलं नाव कोण लिहितं? ते अध्यक्ष म्हणून विल्मार घालेल. चाळीस वर्षांची दोस्ती आहे, एवढं त्याला कळतं.

११ सप्टेंबर
विल्मारने यादी वाचली, घडी करून खिशात टाकली, झकास म्हणाला. बाकी अवाक्षर नाही. पक्का नाटकी माणूस.
शाखेच्या बुलेटिनची पाकिटं निबियाने अजून चिकटवलेली नाहीत. गुडघा दुखतो म्हणे. पाकिटं काय गुडघ्याने चिकटवतात? बायकोला संघटनेचं महत्त्व कधी कळलंच नाही.

२० सप्टेंबर, दुपार
पदकवाल्याच्या दुकानात सहज डोकावलो. पदकं किती, असंही सहजच विचारलं. नऊ, म्हणाला.
नऊ!
संकल्प. वजन चार किलो उतरवणे. आभाराचं भाषण तीन मिनिटांत बसवणे. आश्चर्याचा धक्का बसल्याचा चेहरा रोज दहा मिनिटं आरशासमोर.

२९ सप्टेंबर
वजन दीड किलो वाढलं. विल्मारकडे रविवारचं मटण भाजलं होतं, नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. भाषण सतरा मिनिटांचं झालंय. त्यातलं काढण्यासारखं काहीच नाही. चेहरा मात्र छान जमतोय. निबियाने विचारलं, दाढ दुखते का.

१६ ऑक्टोबर
विल्मारचा फोन. शनिवारी पदकांच्या कार्यक्रमाला तासभर आधी ये, तुझ्याशिवाय काही होणार नाही, म्हणाला. आणि निबियाला नक्की आण. आता बायकोला कशाला आणायला सांगतात, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे? निळ्या सूटचं बटण श्वास धरला की लागतं.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
लिहायला हात होत नाही.
तासभर आधी बोलावलं ते माइक गुरगुरत होता म्हणून. केबल बदलून दिली. पहिल्या रांगेत बसलो. आठ जणांना पदकं दिली. मग विल्मार म्हणाला, एक नाव यादीत नव्हतं. या व्यक्तीवाचून आपली शाखा महिनाभरही चालली नसती, आणि या व्यक्तीने कधी काही मागितलं नाही.
मी उठलो. चेहरा केला. हात छातीवर नेला.
"निबिया," विल्मार म्हणाला.
पाकिटं, टायपिंग, सभासदांचं रजिस्टर, सभांची सँडविचेस, सगळं त्याने वाचून दाखवलं. सगळे उभे राहिले. मी आधीच उभा होतो, म्हणून तसाच माइकपाशी गेलो आणि तो नीट करू लागलो. तो नीटच होता.
निबिया रडत होती. मला मिठी मारून कानात म्हणाली, "तुझ्या लक्षात होतं तर."
मी हो म्हणालो.

२० ऑक्टोबर
विल्मारला गाठून जाब विचारला. तो आरामात मातेचा चहा पीत बसला होता.
"लेका, यादी तू केलीस," म्हणाला. "तुझी यादी आम्ही कधी तपासली आहे का? तू स्वतःला घेतलं नाहीस. म्हटलं, याला असलं काही आवडत नसेल."
केसाने गळा कापला. चाळीस वर्षांची दोस्ती! राजीनामा देणार. आजच.

२४ ऑक्टोबर
राजीनामा लिहून तयार. पाच पानं. टाइप निबियाच करते, त्यामुळे तूर्त अडलाय.

३१ ऑक्टोबर
विल्मारने कार्यक्रमाचे कागद पाठवले. फाइलला निबिया लावते. त्यात माझी यादी होती. आठ नावं माझ्या अक्षरात, खाली नववं विल्मारच्या. निबिया कागद हातात धरून बसली. मी म्हणालो, ते नाव मी त्याला फोनवर सांगितलं होतं.
"बरं," म्हणाली. कागद फाइलला लावला, पदक कपाटात टाकलं आणि बहिणीकडे साल्तोला निघाली. कधी येणार विचारलं, तर म्हणाली, "बघू. एकतीस वर्षं झाली, आता सेवा पुरे."
माझाच विश्वासघात होतो आणि मीच मागे राहतो.

४ नोव्हेंबर
बुलेटिन छापून आलं. पाकिटं दोनशे बारा. सकाळपासून सव्वीस झाली. पाकिटांचा गोंद कडू असतो, हे मला माहीत नव्हतं.